पोहणाऱ्याला खुर्ची

गुणी पोराचे काय करावे, हे आम्हा मराठी माणसांना कळत नाही. त्याला आम्ही आधी हार घालतो, मग मिरवतो, आणि ही दोन्ही कामे उरकली की सरकारी खुर्चीत बसवून मोकळे होतो. खुर्चीत बसला म्हणजे तो ‘मार्गी लागला’! ज्या मार्गाने तो आला, तो मात्र तिथेच संपतो.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचेच पाहा. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा त्याला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. तिथे तो फ्रीस्टाइलच्या ५०, १०० आणि २०० मीटर अशा तीन शर्यती पोहला. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ साली सोलहून खजानसिंगांनी रौप्यपदक आणले होते. त्यानंतर तब्बल चोवीस वर्षांनी पोहण्यातले आशियाई पदक भारताच्या वाट्याला आले. त्यासाठी या पोराला घरदार सोडून बंगळूरला निहार अमीन यांच्या हाताखाली जावे लागले, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

मग महाराष्ट्राने त्याचे काय केले? तहसीलदार केले!

वाचकहो, त्या पदाची मी हेटाळणी करीत नाही. सातबारा, दाखले, टंचाई, निवडणुका यांचा गाडा तहसील कचेरीच ओढते. पण तो ओढायला माणसे पुष्कळ मिळतात. चोवीस वर्षांनी एक पदक आणणारा माणूस त्याच गाड्याला का जुंपावा? पोहणाऱ्याचे अंग पंधरवडाभर पाण्यावाचून राहिले तरी पाणी विसरू लागते. इथे तर ऐन उमेदीची काही वर्षे सरावाच्या ताळेबंदातून वजा झाली.

तरी तो पुन्हा पाण्यात उतरला, ही त्याची जिद्द. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल त्याने २२.४७ सेकंदांत पार केली. कांस्यपदक २२.४६ ला गेले. सेकंदाचा एक शतांश! तो शतांश कचेरीतल्या फायलींखालीच हरवला, असे मी सिद्ध करू शकत नाही. परंतु तो तिथे हरवला नाही, असे सरकारने तरी छातीवर हात ठेवून सांगावे. २०२३ साली वीरधवल निवृत्त झाला. आता हिशेब मागायला कुणी येणार नाही.

कुणी म्हणेल, “मास्तर, उपाशीपोटी पोहायचे काय?” मुळीच नाही. पगाराची किंमत मास्तराइतकी कुणाला ठाऊक असणार? पगार द्याच. पण स्पर्धेची वर्षे सरेपर्यंत तो पोहण्यासाठी द्या. हजेरीपुस्तक तलावाच्या काठावर ठेवा. खुर्ची कुठे पळून जात नाही. तिशी उलटल्यावरही ती तशीच राहते. पोहणाऱ्याची विशी राहत नाही.

दुसरा आक्षेप खास आमच्या शहागंजातला. नळाला चार-चार, आठ-आठ दिवस पाणी नाही आणि तुम्ही तलाव कसले मागता? आक्षेप रास्त वाटतो, पण अर्धा आहे. पन्नास मीटरचा मोठा तलाव भरायला सुमारे २५ लाख लिटर पाणी लागते खरे. परंतु ते रोज नवे लागत नाही. गाळून, शुद्ध करून तेच पुन्हा फिरवायचे असते. आणि पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर असताना शहर तहानलेले राहते, हा दोष पोहणाऱ्या पोरांच्या माथी का? आमच्या वडिलांच्या पिढीने पाठीला डबा बांधून विहिरीत उड्या मारल्या. त्या विहिरी आम्ही कचऱ्याने बुजवल्या; बदल्यात पोरांना दिले काय?

शाळेतही तेच. पहाटे पोहून आलेला मुलगा पहिल्या तासाला डुलक्या देऊ लागला की आम्ही मास्तर त्याला बाकावर उभा करतो. दहावीचे वर्ष आले की बाप म्हणतो, “आता पोहणे बंद.” आणि पुढे तेच पोहणे आठवते ते क्रीडागुणांसाठी, सरकारी नोकरीतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी. म्हणजे पोरगा पाण्यात असतो तेव्हाही घरच्यांची नजर खुर्चीवरच! सरकार तरी मग वेगळे काय देणार? आम्ही जे मागितले तेच त्याने दिले.

आमच्या कौतुकाची दुसरी तऱ्हा उशिराची. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. एकाला सत्कार लवकर पुरून गाडला, दुसऱ्याला तो शेहेचाळीस वर्षे दिसलाच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढचा वीरधवल सापडेल तेव्हा त्याला विचारा, “बाळ, तुला काय हवे?” तो पाणी मागेल. ते द्या, आणि ते आटेपर्यंत खुर्चीचे नाव काढू नका.