सातबाऱ्यावरील कोरा रकाना

ज्या शेतकरी बंधूंनी आपला सातबारा लक्षपूर्वक वाचला असेल, त्यांस ठाऊकच आहे की त्यात 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना असतो. क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादार हे सर्व भरलेले. हा एक बहुधा कोरा. महसूल खात्यात कारकुनी करीत असता असे कोरे उतारे आम्ही स्वहस्ते किती नकलून दिले, त्याची गणती नाही. आणि 'या वावरास गावात काय म्हणतात?' असे एकाही खातेदारास विचारले नाही. सेवानिवृत्तीनंतर त्या उपेक्षेचे शल्य वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

इतिहास म्हणजे किल्ले व लढाया, अशी समजूत असल्यामुळे आपल्या दारव्हा तालुक्यास इतिहास नाही, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत याहून निराळे आहे. गावाचा इतिहास शिवारातच लिहिलेला असतो. बुद्रुक व खुर्द ही फारसी वळणाची विशेषणे कोणते गाव वडील व कोणते धाकटे ते सांगतात. महागावापुढील 'कसबा' हा शब्द तेथील जुन्या पेठेची आठवण देतो. वाघदरा म्हटले की पूर्वीचे रान डोळ्यांपुढे येते. कुंभारखाण म्हटले की माती कोठून येई ते कळते. आणि जी गावे उजाड झाली, त्यांची नावे तर 'रिठ' म्हणून सरकारी दप्तरात आजही स्वतंत्र मौजे राहिली आहेत. वस्तीचे एक घर उरले नाही, तरी मौजा जिवंत आहे!

१८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. १८६१ पासून येथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली आणि वावरास क्रमांक मिळाला. तेव्हाच्या वणी जिल्ह्यात दारव्हा होते. १९०५ साली त्यास पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा झाला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. एकेकाळी दारव्ह्यातच मोडणारे नेर व दिग्रस हे आता निराळे तालुके आहेत. जेथे एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला. इतके सारे बदलले, पण चिंचेचे वावर चिंच पडून गेल्यावरही चिंचेचेच वावर राहिले.

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. आमच्या नोकरीच्या काळात एका गावी पांदणीचा तंटा होता. नकाशा व प्रत्यक्ष जागा यांचा मेळ बसेना. एक वृद्ध गुराखी म्हणाला, 'ही आखराची वाट आहे.' त्या शब्दावरून जुनी नोंद शोधली, तेव्हा गुरे उभी करण्यासाठी राखलेला नंबर सापडला आणि वाट निश्चित झाली. अडविलेली वहिवाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारास दिला आहे, व त्यासाठी अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. परंतु वाट कोणती, हे सांगणारा साक्षीदारच उरला नाही, तर अधिकाराचा उपयोग काय?

विलायतेत आपल्या गावासारखा 'पॅरिश' हा घटक आहे. तेथे १८३६ च्या कायद्याने धर्मकराचे रोख रकमेत रूपांतर करताना जे नकाशे व तक्ते झाले, त्यांत शेताच्या क्रमांकासोबत पुष्कळ ठिकाणी त्याचे नावही लिहिले गेले. १८९९ पासून तेथे परगण्यांचा इतिहास पॅरिशवार लिहिण्याचे काम चालू आहे. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या उजाड गावी तर १९५० पासून ४० वर्षे उत्खनन चालले. त्यांच्या रिठाला ४० वर्षे आणि आमच्या रिठांकडे कोणी ४० मिनिटेही पाहू नये, हे आम्हास लाजिरवाणे वाटते.

यास्तव आमची सूचना साधी आहे. उन्हाळ्यात वखरणी आटोपली की प्रत्येक गावच्या सभासदांनी एक वही घालावी. तिच्यात गट अथवा सर्व्हे नंबर, वावराचे नाव, नावाचे कारण आणि सांगणाराचे नाव व वय, एवढे चार रकाने पुरेत. पांदणी, आखर, नाले, विहिरी व रिठ यांची नावेही टिपावी. म्हाताऱ्या माणसांस आधी विचारावे, आणि स्त्रियांस विसरू नये. निंदणीस व वेचणीस जन्मभर गेलेल्या बाईस शिवाराची जितकी नावे ठाऊक असतात तितकी कित्येक खातेदारांसही नसतात. एकाच वावरास दोन नावे निघाली, तर दोन्ही लिहावी. त्यावरून भांडू नये.

सातबारा आता संगणकावर आला आहे आणि बांधाची वाट विचारण्याऐवजी नवी पिढी मोबाईलवर नकाशा पाहते. त्यात वाईट काही नाही. परंतु आपण जे सांगितले नाही, ते यंत्र कोठून दाखविणार? आम्ही जो रकाना कोरा सोडला, तो भरणे अद्याप वाचकांच्या हाती आहे.