गव्हाचे पथ्य आणि उरणचा तांदूळ

सिलिअ‍ॅक या व्याधीचे निदान झाले की गहू, जव आणि युरोपातील राय ही तिन्ही धान्ये जन्मभर वर्ज्य करावी लागतात. त्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे रोग्याची प्रतिकारशक्ती त्याच्याच लहान आतड्यावर उलटते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. डिके या डच बालरोगतज्ज्ञाने १९५० च्या आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष दाखवून दिला. आजही पथ्य हाच खरा उपचार आहे.

उरण तालुक्यात हे पथ्य जड का जावे, असे सकृद्दर्शनी वाटेल. भात, मासळी आणि तांदळाची भाकरी हे येथील आगरी-कोळ्यांचे पिढीजात अन्न. त्यात ग्लुटेन नाही. परंतु १९७० नंतर नव्या मुंबईसाठी आणि पुढे न्हावा-शेवा बंदरासाठी येथील भातखाचरे व मिठागरे संपादित झाली. मोबदल्याच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण बळी पडले. ज्याच्या कणगीत घरचा तांदूळ असे, तो आता धान्य दुकानातून आणतो आणि पाळी संपल्यावर वडापाव खातो.

शिवाय गहू चोरपावलांनी येतो. गिरणीत गव्हामागोमाग दळलेल्या तांदळाच्या पिठात तो मिसळतो. बाजारच्या बांधानी हिंगात तो असतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा नाकारणारी सून तर उद्धटच ठरते! पुड्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा कायद्याने पाळावी लागते. पण असे पुडे कारकुनाच्या पगारालाही झेपत नाहीत, मग कंत्राटी कामगाराची काय कथा?

येथे शासनाचे कर्तव्य सुरू होते. शाळेतील माध्यान्ह भोजन मुख्यतः तांदळाचे आहे, ही त्यातल्या त्यात सोय. मात्र २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली शिधापत्रिकेवर मिळणारा गहू या रोग्याला विषासमान आहे. मधुमेह्याला साखर खा, असे कोणी सांगत नाही. वैद्यकीय दाखल्यावर गव्हाच्या वाट्याइतका तांदूळ, ज्वारी वा नाचणी देण्यास तिजोरीवर मोठा भार पडू नये.

शिक्षकांनीही वर्गातील खुरटलेल्या, सदा पांढुरक्या दिसणाऱ्या मुलाकडे लक्ष द्यावे. लोहाच्या गोळ्यांनी पंडुरोग हटत नसेल, तर पालकांना रक्ततपासणी सुचवावी. आणि तोवर गहू बंद करू नये असेही सांगावे, कारण गहू आधीच सोडल्यास तपासणीत रोग दिसत नाही.