अटींचा हिशेब कोण मागणार?

समुद्राचे आरोग्य किनाऱ्यावरील भूमीवर ठरते. तिवरांवर भराव पडला की माशांच्या पिलांचा आसरा हरपतो आणि कोळीबांधवांची जाळी रिकामी परततात. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तेथे प्राधिकरण स्थापन झाले. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारलेले वाढवण बंदर २०२३ मध्ये अटींसह मान्य केले. बंदर राष्ट्राला हवे, हे मान्य. परंतु अटी कागदावरच राहिल्या तर परीक्षणाला अर्थ काय? त्यांच्या पालनाचा हिशेब ग्रामसभेपुढे नियमितपणे मांडला गेलाच पाहिजे. तो मागणे हे प्रत्येक किनारवासीयाचे कर्तव्य आहे.