करवत झाडापाशी, कायदा गिरणीपाशी

पाटण, जावळी वा शिराळा तालुक्यातील डोंगरउतारावर मालकी जमिनीतले एखादे जुने जांभळाचे किंवा ऐनाचे झाड विकले जाते, तेव्हा त्याचा भाव बहुधा उभ्या झाडावर आणि उक्ता ठरतो. झाडात घनफूट किती, त्यातले चिरण्याजोगे किती आणि जळणात जाणारे किती, हा हिशेब घेणाऱ्याच्या डोक्यात असतो, देणाऱ्याच्या नसतो. पूर्वी हे झाड पाडायला दोन-तीन गडी आणि एखादा दिवस लागत असे. आता गावोगावी ज्याला नुसते 'कटर' म्हणतात ते पेट्रोलवर चालणारे साखळीचे यंत्र येते आणि शंभर वर्षांचे खोड काही मिनिटांत आडवे होते. त्याच यंत्राने ओंडक्याचे तुकडे पडतात, आणि लाकूड चांगले असेल तर जागेवरच त्याच्या जाड फळ्याही निघू लागल्या आहेत. ओंडका गिरणीत नेण्याऐवजी गिरणीच ओंडक्यापाशी आली आहे. या बदलाची दखल घेण्यास आपली वनव्यवस्था अद्याप तयार झालेली दिसत नाही.

वस्तुतः झाड पडते त्या जागीच लाकूड चिरण्याची पद्धत नवी नाही. आरा गिरण्या येण्यापूर्वी ओंडका खड्ड्यावर आडवा टाकून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून लांब करवतीने तुळया व फळ्या काढीत. १९२७ चा भारतीय वन कायदा करणाऱ्यांना ही रीत चांगली ठाऊक होती. म्हणूनच त्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने लाकडाच्या वाहतुकीबरोबरच करवतीचे खड्डे आणि लाकूड चिरण्याची, कापण्याची क्रिया यांवरही ठरावीक हद्दीत बंधने घालण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. पुढे खड्डे बुजले, विजेवर चालणाऱ्या गिरण्या तालुक्याच्या गावी आणि पेठांतून उभ्या राहिल्या, आणि प्रशासनाची नजर स्वाभाविकपणे गिरणीवर स्थिरावली. छपराखालचे, जागचे न हलणारे यंत्र तपासणे सोपे असते हे त्याचे साधे कारण.

ही नजर सर्वोच्च न्यायालयाने अधिक तीक्ष्ण केली. गोदावर्मन तिरुमुलपाड खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने केंद्राच्या मंजुरीवाचून वनक्षेत्रात चालणाऱ्या आरा गिरण्या बंद करण्यास सांगितले. २००२ साली न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय नवी गिरणी काढण्यास बंदी झाली. २०१५ मध्ये हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे सोपवला गेला आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. या आदेशांनी देशातील जंगलाची मोठी लूट थांबवली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि त्यांचा सारा भर परवाना असलेली जागा व तेथील यंत्र यांवर राहिला. दोन हातांनी उचलता येणारे, गोणीत घालून दुचाकीवरून डोंगरात नेता येणारे यंत्र ही 'जागा' कशी ठरावी?

झाडांच्या बाजूने पाहिले तर महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा आदी झाडे मालकी जमिनीतही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. या कायद्याने घातलेली दंडाची मर्यादा एक हजार रुपयांची होती. ती हास्यास्पद झाली होती, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दंड पन्नास हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. दंड किती असावा यावर वाद होतच राहील. परंतु मुळात गुन्हा हाती लागणारच नसेल, तर दंड हजाराचा असो की पन्नास हजारांचा, त्याने काय साधणार? कुऱ्हाडीचा आवाज अर्धा दिवस खोऱ्यात घुमत असे. कटरचा आवाज मोठा खरा, पण वनरक्षक पोचेपर्यंत तेथे बुंधा आणि भुसा एवढेच उरते.

आता यातील दुसरी बाजू. ती केवळ कायद्याची नसून लाकडाच्या नासाडीची आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष नाही. साखळीची करवत ही मुळात खोड आडवे कापण्यासाठी घडलेली. धाग्याच्या दिशेने, म्हणजे उभे चिरायचे तर तिचे दात वेगळ्या कोनात घासावे लागतात आणि यंत्र सरळ चालावे म्हणून लोखंडी चौकट बसवावी लागते. एवढे करूनही साखळी ज्या वाटेने जाते तेथील सुमारे आठ मिलिमीटर लाकूड भुसा होऊन जाते. गिरणीतल्या पट्ट्याच्या करवतीत हेच नुकसान दोन-तीन मिलिमीटरचे असते. एक इंची फळ्या काढायच्या झाल्यास कटरने जवळजवळ चौथा हिस्सा भुशात जातो, पट्ट्याने जेमतेम अकरावा. जाड फळ्या काढल्या तर हा तोटा कमी होतो. हॉटेलांतून व नव्या घरांतून सालीसकट कडा ठेवलेली एकसंध मेजे मांडण्याची जी हौस आली आहे, तिला कटर मानवतो तो यामुळेच. पण अशा मेजासाठी खोड रुंद लागते, आणि रुंद खोड म्हणजे जुने झाड. शिवाय ओल्या फळ्या नीट रचून, सावलीत, मध्ये पट्ट्या घालून महिनोन्‌महिने सुकवाव्या लागतात. हा सबुरीचा भाग चोरट्या धंद्याला परवडत नाही. मग फळी पिळते, चिरते आणि अखेर चुलीत किंवा भट्टीत जाते. उत्तम जांभूळ आणि किंजळ जळण म्हणून वजनावर विकले जाण्याची ही परंपरा लज्जास्पद आहे.

दुसरीकडे सातारा-सांगलीच्या वखारींतून दारांसाठी व चौकटींसाठी मिळणारे लाकूड कोठले? म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाचे ओंडके निर्यात करणे बंद केले. तेव्हापासून आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील लागवडीचा साग कांडला बंदरात उतरतो, गांधीधामच्या गिरण्यांत चिरला जातो आणि ट्रकने देशभर पसरतो. मिरजेच्या तंतुवाद्यांचेच उदाहरण घ्यावे. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. त्या वाद्यांचा भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड मात्र कर्नाटकातले. वाद्याला लागणारे तुणीचे लाकूड वेगळे, त्याची जागा ऐन-जांभूळ घेणार नाही हे खरे. पण खोड पारखून घेणे, योग्य अंगाने चिरणे आणि धीराने सुकवणे ही विद्या जेथे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत आहे, त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला चांगले लाकूड अडाणीपणे फोडले जावे, हा विरोधाभास डोळ्यांत भरतो.

मग कटरवर सरसकट बंदी घालावी काय? घाना या देशाने तो मार्ग चोखाळून पाहिला. तेथे १९९८ मध्ये चेन सॉने विक्रीसाठी फळ्या काढण्यास बंदी झाली. त्यानंतर अनेक वर्षांनी झालेल्या पाहण्यांतही देशांतर्गत बाजारातील बहुतांश लाकूड त्याच यंत्राचे असल्याचे आढळले. फरक एवढाच पडला की ते रात्री वाहून नेले जाऊ लागले आणि वाटेतल्या चौक्यांवरचे हात ओले करण्याचा खर्च त्याच्या भावात मिळाला. गयानाने उलट वाट धरली. तेथे चेन सॉने लाकूड चिरणे कायदेशीर आहे. मात्र तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर एक क्रमांकाची पट्टी आणि त्याच क्रमांकाची दुसरी पट्टी लाकडावर लावावी लागते. फिलिपिन्सने २००२ च्या कायद्याने यंत्राचीच नोंद सक्तीची केली. ते विकायला, विकत घ्यायला आणि बाळगायलाही तेथे परवाना लागतो.

आपल्याकडे वनखात्याचा हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा पास ही साधने जुनीच आहेत. गयानाच्या पट्टीहून ती तत्त्वतः वेगळी नाहीत. उणीव आहे ती शिक्का बुंध्याशी आणि यंत्राशी जोडण्याची. कोल्हापूर वनवृत्तातील सातारा आणि सांगली या दोन विभागांत प्रत्येक कटरची मालकाच्या नावासह नोंद झाली, आणि कोणत्या झाडावर कोणते यंत्र चालणार हे तोडीच्या परवानगीतच लिहिले गेले, तर बिनपरवाना तोड ओळखणे पुष्कळ सोपे होईल. यासाठी नवा कायदा लागणार नाही. ४१ व्या कलमातील करवतीच्या खड्ड्यांची जुनी तरतूद आजच्या कटरला लागू करता येते.

यावर आक्षेप येईल की गरीब मजुराच्या हातातील साधनावर आणखी एक कागद लादला जाईल. आक्षेप दुर्लक्षावा असा नाही. कटर चालवणारा तरुण बहुधा रोजावरचा असतो. पायात धड बूट नाही, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि साखळी खोडात अडकून यंत्र अंगावर उसळले तर त्याला विचारणारे कोणी नाही. नोंदणीला प्रशिक्षण आणि विमा यांची जोड दिल्यास तो कागद त्याच्या उपयोगाचा ठरेल. आणि डोंगरातील शेतकऱ्याचे काय? १९४७ पासून या राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. साखर आणि दूध यांत सहकार मुरलेल्या या दोन जिल्ह्यांना लाकडाचा सहकार सुचू नये, याचे नवल वाटते. पाटण किंवा शिराळ्यासारख्या ठिकाणी अशा संस्थेचे एक चिरकाम केंद्र, त्याला लागून सुकवणीची शेड आणि घनफुटाने मोजमाप एवढे झाले, तर वाऱ्याने उन्मळलेले, रस्तारुंदीत गेलेले वा रीतसर परवानगीने तोडलेले झाड तेथे येईल आणि मालकाला फळीच्या भावातला वाटा मिळेल. परवानगीने तोडलेल्या झाडाला अधिक पैसे मिळतात हे एकदा दिसले की चोरून तोडण्याचा मोह आपोआप ओसरेल. सध्या नेमके उलटे आहे. परवानगीच्या खेपा घालणारा कंटाळतो आणि रात्रीत झाड देऊन टाकणारा रोख घेऊन मोकळा होतो.

कोयना आणि चांदोलीची जंगले २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, त्यांना त्यामानाने कडक पहारा लाभला आहे. त्या जंगलांना लागून असलेल्या मालकी रानाला तसे कवच नाही, आणि मागणीचा भार तेथेच वाढत जाणार. पावसाळा संपून डोंगरातल्या वाटा मोकळ्या झाल्या की तोडीचा हंगाम सुरू होतो. नोंदणीचे काम त्याच्या आत व्हावयास हवे. तालुक्याच्या गावी ही यंत्रे विकणारी आणि दुरुस्त करणारी दुकाने मोजकीच असतात. त्यांच्या पावती-पुस्तकांपासून आरंभ करता येईल.