खुपरीचे निर्मूलन आणि पाण्याचा प्रश्न

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपरी या नेत्ररोगाचे, सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून, निर्मूलन झाल्याचे मान्य केले. १९६३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून गावोगाव राबलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या श्रमांचे हे फळ असून त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र या यशाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे.

खुपरीचा जंतू मुलांच्या डोळ्यांतील व नाकातील स्रावातून पसरतो. बोटे, घरातील सर्वांचा एकच पंचा, आईचा पदर आणि माश्या ही त्याची वाहने होत. डोळ्यांवर बसणारी ही माशी उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेत वाढते. बालपणी वारंवार संसर्ग झाला म्हणजे वरच्या पापणीच्या आत व्रण पडतात, पुढे पापणी आत वळते आणि केस बुबुळावर घासत राहून अखेरीस दृष्टी जाते. मुलांची निगा स्त्रियांकडे असल्यामुळे या अंधत्वाचा मोठा वाटाही त्यांच्याच वाट्याला येतो.

'मुलांची तोंडे स्वच्छ धूत जा' असा उपदेश मातांना करणे सोपे आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार देशातील केवळ ४६.६ टक्के कुटुंबांना घराच्या आवारात पिण्याचे पाणी मिळत होते आणि ४६.९ टक्के कुटुंबांच्याच आवारात शौचालय होते. दोन हंड्यांसाठी मैलभर चालणारी स्त्री ते पाणी आधी पिण्यास व स्वयंपाकास वापरणार, हे उघड आहे. रोगाचा दोष तिच्या अज्ञानावर ढकलणे म्हणजे राज्यकर्त्यांना जबाबदारीतून मोकळे करणे होय.

इतिहासाची साक्षही हीच आहे. पश्चिम युरोपात प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वीच, राहणीमान सुधारले तसतशी खुपरी ओसरू लागली होती. औषधाने आजचा संसर्ग बरा होतो; उद्याचा संसर्ग रोखण्यास पाणी व शौचालय लागते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यनीतीत शस्त्रक्रिया व प्रतिजैविके यांच्या जोडीला चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसरसुधारणा यांचाही समावेश आहे.

शिवाय निर्मूलन म्हणजे रोगाचा संपूर्ण नायनाट नव्हे. १ ते ९ वर्षे वयाच्या मुलांमध्ये सक्रिय रोगाचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली असणे, हा त्याचा एक निकष आहे. पाण्याअभावी बंद पडलेले शौचालय कागदावर मोजले गेले, तरी ते माशीला अडवीत नाही. म्हणून नियमित नळपाणी, वापरात असलेली शौचालये, शाळांतून नेत्रतपासणी आणि पापण्या वळलेल्या वृद्धांसाठी मोफत शस्त्रक्रिया, या मागण्या आपल्या शाखांनी ग्रामसभांपुढे ठामपणे मांडल्या पाहिजेत. मिळालेले यश टिकवायचे असेल तर ते घराघरांतील पाण्यावरच टिकेल.