दहा लिटरचा हिशेब आणि हेमलकसा

दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर धावली, यावर एस.टी.त गाडीची लायकी ठरते. हा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे. द्रुतगती मार्गावरील गाडी आणि अहेरीहून आलापल्ली, ताडगावमार्गे हेमलकशाला जाणारी गाडी एकाच काट्यावर तोलली, तर रानातली गाडी नेहमीच उणी भरणार. मग तिची फेरी कापायची आणि त्याला काटकसर म्हणायचे! पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतोच. उरलेल्या दिवसांतही माडिया बाईने दवाखान्यापर्यंत पायीच यावे काय?

काटकसर आम्हालाही हवी. देशाचे बहुतांश खनिज तेल आयातीचे आहे. परंतु थकलेली गाडी आडमार्गाला ढकलायची आणि ती तेल फार पिते म्हणून ओरडायचे, हा निव्वळ कांगावा होय. टायरमधील हवा, स्वच्छ एअर फिल्टर, नीट लावलेला डिझेल पंप, सांगाड्याचे वजन यांवर तेल वाचते, आणि ही कामे यंत्रशाळेतल्या कामगाराच्या हातची आहेत.

२०२३ साली महामंडळाने ५१५० विजेच्या गाड्या प्रतिकिलोमीटर भाड्याने घेण्याचे ठरविले, चालकही कंत्राटदाराचाच. आमचे भांडण विजेशी नाही, या मालकीशी आहे. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळा असताना लहान, हलकी, जंगलवाटेची गाडी महामंडळाने स्वतः बांधावी, आणि तिची पहिली तुकडी अहेरी आगाराला द्यावी.