‘इनॉग्युरेट’ म्हणजे पाखरांचा कौल

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या मुलांनी अभ्यासिका सुरू केली. पत्र्याची खोली, चार बाकडी, दोन ट्यूबलाइट. पत्रिका मात्र झोकात छापली. वर मराठी, खाली इंग्रजी. मराठीत ‘अभ्यासिकेचे उद्घाटन’ ठीक होते. इंग्रजीत छापून आले, ‘लायब्ररी विल इनॉग्युरेट’. म्हणजे अभ्यासिकाच कशाचे तरी उद्घाटन करणार! एका शिकल्या-सवरल्या गृहस्थांनी ती ओळ चारचौघांत मोठ्याने वाचली आणि हसले. पोरांच्या माना खाली गेल्या. हसण्यापेक्षा समजावून सांगितले असते तर बरे झाले असते. ते काम आज आम्ही करतो.

वाचकहो, इनॉग्युरेट हे सकर्मक क्रियापद आहे. उद्घाटन करणारा वेगळा आणि ज्याचे करायचे ते वेगळे. ‘द टीचर विल इनॉग्युरेट द लायब्ररी’ म्हणा, नाहीतर ‘द लायब्ररी विल बी इनॉग्युरेटेड बाय द टीचर’. मुलांच्या हातून तो मधला ‘बी’ आणि शेवटचा ‘एड’ निसटला, एवढेच. समारंभाला इनॉग्युरेशन म्हणतात, उद्घाटनाच्या भाषणाला इनॉग्युरल स्पीच. स्पेलिंगमध्ये सुरुवातीचा ‘एन’ एकच, आणि ‘ऑ’ ऐकू आला तरी लिहायचे ‘ए-यू’.

हा शब्द समारंभाचा. बस सुटली, पाऊस लागला, कामाला लागलो, तिथे साधे ‘स्टार्ट’ किंवा ‘बिगिन’ पुरते. नोकरीच्या अर्जात तर तो घालूच नका. मात्र इंग्रजीत तो माणसालाही लागतो. अमेरिकेचा अध्यक्ष निवडून आला की त्याचे इनॉग्युरेशन होते; पूर्वी ४ मार्चला होई, १९३७ पासून २० जानेवारीला होते. आपण माणसाचे उद्घाटन करीत नाही, तेव्हा मराठीत तिथे ‘पदग्रहण’ लिहावे.

माणसाला हा शब्द का लागतो, याचे मूळ प्राचीन रोममध्ये आहे. तिथे ऑगर नावाचे पुरोहित असत. आकाशाचा एक भाग मनाशी आखून घ्यायचा, त्यात पाखरे कुठून कुठे उडतात ते बघायचे आणि देवाचा कौल काय ते सांगायचे. असा कौल घेऊन एखाद्याला पदावर बसवणे म्हणजे इनॉग्युरेट करणे. आणि हे ऑगर कोण? पॅट्रिशियन, म्हणजे वरच्या कुळांतले. प्लेबियन म्हणवणाऱ्या सामान्य लोकांना ऑगर होता येत नव्हते. इ. स. पूर्व ३०० मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे ते दार उघडले. पाखरे सर्वांच्या डोक्यावरून उडत होती, पण त्यांचा अर्थ सांगायचा हक्क थोड्यांचाच!

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये रोमचेच उदाहरण दिले आहे. प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडायचा हक्क मिळाला. पण, बाबासाहेब लिहितात त्याप्रमाणे, त्याला डेल्फीच्या देवीची पसंती लागे आणि तिथले पुजारी पॅट्रिशियन. परिणाम असा की, प्लेबियन आपला खंबीर माणूस निवडण्याऐवजी पॅट्रिशियनांना चालेल असाच निवडू लागले. मत हातात होते, मन मात्र कौलात अडकलेले.

म्हणून हा शब्द टाकून द्यावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. आज इंग्रजी बोलणाऱ्याच्या डोक्यात पाखरे नसतात. आपल्याही तोंडी कामाचा ‘श्रीगणेशा’ आणि ‘मुहूर्त’ सवयीने येतातच. आधी तिकडे बघावे.

औपचारिक आरंभासाठी इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, ‘कमेन्स’. आपल्या संविधानात तोच आहे. कलम ३९४ मध्ये २६ जानेवारी १९५० या दिवसाला संविधानाचे ‘कमेन्समेंट’ म्हटले आहे. (काही कलमे त्याआधीच, २६ नोव्हेंबर १९४९ ला अमलात आली होती.) पुरोहित नाही, पाखरू नाही, लोकांच्या प्रतिनिधींनी तारीख ठरवली आणि त्या तारखेला आरंभ झाला. शिवाय या क्रियापदाला ‘बी’ची काठी लागत नाही. वर्ग स्वतःच कमेन्स होतो, परीक्षा कमेन्स होते.

मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांनी लगेच वहीचा कागद फाडला. आता अभ्यासिकेच्या दारावर ठळक अक्षरांत लावले आहे, ‘स्टडी विल कमेन्स ॲट सेव्हन पी. एम.’ परवा आम्ही पावणेसातला गेलो, तर बाकड्यांवर जागा नव्हती.